वॉकर आडनावाचा चालण्याशी संबंध किती?

प्रश्न एका आईचा आहे. मुलाचं लग्न उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या मुलीशी ठरलं आहे, मुलीचं आडनाव वॉकर. घरातले लोक गमतीनं विचारतात, यांचे पूर्वज जासूद होते की नुसतेच भटकायचे? आडनावाचा खरा अर्थ काय, ते किती जुनं, किती जणांचं? शिवाय विहीणबाईंना भेट द्यायला ‘वॉकर घराण्याचं मानचिन्ह’ कोरलेली पाटी ऑनलाइन मिळते, ती घ्यावी का? आणि पत्रिकेत हे आडनाव मराठीत कसं छापायचं?

ताई, अभिनंदन. पाटी घेऊ नका. का, ते पुढे सांगतो. आधी आडनाव.

मी पंचवीसेक वर्षं चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचतो आहे. पुणे, खडकी, देवळाली भागात गाडलेल्या गोऱ्या शिपायांचे आणि रेल्वेवाल्यांचे वंशज आजोबा-पणजोबांच्या शोधात येतात, त्यांना मदत करता करता इंग्रजी आडनावांचा नाद लागला. त्यात वॉकरइतकं फसवं आडनाव क्वचितच भेटलं. इंग्रजी येणारा प्रत्येक जण त्याचा अर्थ आपल्याला कळला असं समजतो, आणि तिथेच चुकतो.

मागावरून उतरलेलं लोकरी कापड पाण्यात तुडवून, मळून घट्ट करणारा कारागीर, तो वॉकर. रस्त्यानं चालण्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. तो दिवसभर एकाच डोणीत उभा असायचा.

हे काम काय होतं ते समजायला घरातलंच उदाहरण घ्या. हातानं विणलेला लोकरी स्वेटर कुणीतरी चुकून गरम पाण्याच्या मशीनमध्ये टाकतं आणि बाहेर येतो तो नातवाच्या मापाचा होऊन. आमच्याकडे हे दोनदा झालंय. आटलेला स्वेटर हातात घेऊन बघा: वीण दिसेनाशी होते, जाडी वाढते, कात्रीनं कापला तरी धागा उसवत नाही. लोकरीच्या तंतूवर खवल्यांसारखे बारीक पापुद्रे असतात. ओल, ऊब आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. आपल्याकडे झाला तो अपघात, मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तोच धंदा. कारण मागावरचं लोकरी कापड विरळ, ढिलं आणि तेलकट असायचं. मेंढीच्या अंगची चरबी लोकरीत असतेच, वर पिंजताना तेल लावलेलं. असं कापड अंगावर घालण्याच्या लायकीचं नसायचं. ते वॉकरकडे जायचं.

वॉकर ते डोणीत घालायचा, वर पाणी आणि चरबी काढणारा काहीतरी पदार्थ, आणि मग तासन् तास पायांनी खुंदळायचा. चरबी काढायला दोन गोष्टी चालत. एक म्हणजे शिळं मूत्र. मूत्र साठवून ठेवलं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी सोडवतो. घरोघरचं मूत्र गोळा करून या कामाला नेत. प्राचीन रोममध्ये तर हा व्यवहार एवढा मोठा होता की सम्राट व्हेस्पेशियननं मूत्रावर कर बसवला होता. दुसरी गोष्ट म्हणजे तेल शोषून घेणारी एक खास माती. इंग्रजीत तिला या कारागिराचंच नाव आहे, फुलर्स अर्थ; फुलर हे वॉकरचंच दुसरं नाव. आपण तिला मुलतानी माती म्हणतो. चेहऱ्याला लावतो ती तीच जातकुळी, आणि काम तेच: तेल ओढून घेणं.

तुडवून, धुऊन झालं की कापड उन्हावाऱ्यात लाकडी चौकटींवर ताणून वाळवत, म्हणजे आटताना वाकडंतिकडं होऊ नये. या चौकटींना टेंटर म्हणत आणि कापड अडकवायच्या आकड्यांना टेंटरहुक. जीव टांगणीला लागला की इंग्रज आजही ‘टेंटरहुकवर आहोत’ म्हणतात ते यावरूनच.

आता शब्दाकडे येऊ. इथे बहुतेक ठिकाणी सांगतात की हे लोक कापडावर चालायचे, म्हणून वॉकर. ऐकायला छान आहे, पण गाडी उलटी जुंपली आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, ‘वेआल्कन’ या क्रियापदाचा अर्थ होता लोळवणं, घुसळणं, इकडून तिकडे हलवणं. समुद्राच्या लाटांना, उचंबळण्याला हा शब्द लागायचा. त्याच घराण्यातला ‘वेआल्केरे’ म्हणजे कापड घुसळून घट्ट करणारा. पायी जाणं हा अर्थ त्या क्रियापदाला बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास चिकटला. म्हणजे कापडवाला वॉकर आधी आला, फिरायला जाणारा नंतर. जर्मनमध्ये ‘वाल्कन’ म्हणजे आजही कापड मळून घट्ट करणं, चालणं नव्हे. इटलीतही कापड घट्ट करायच्या गिरणीला ‘ग्वाल्किएरा’ म्हणत, तो शब्दही जर्मन टोळ्यांबरोबर तिकडे गेलेला.

काही कोश आणखी एक अर्थ देतात, जंगलात गस्त घालणारा रखवालदार. तसा शब्द होता. पण लाखो घरांना आडनाव पुरवायला तेवढे रखवालदार आणि तेवढी जंगलं कुठून आणायची? मी तो अर्थ बाजूला ठेवतो.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढेच आहे. या एका धंद्याला इंग्लंडमध्ये तीन नावं होती, आणि तिन्हींची आडनावं झाली. उत्तरेत आणि स्कॉटलंडमध्ये वॉकर. दक्षिण आणि पूर्वेला फुलर, हा शब्द मूळ लॅटिनमधला. आणि नैऋत्येला, डेव्हन-कॉर्नवॉल-सॉमरसेटकडे, टकर. टकर ज्या जुन्या क्रियापदापासून आला त्याचा अर्थ छळणं, हाल करणं. कापडाचे होणारे हाल बघता नाव चुकीचं म्हणता येणार नाही.

आपल्याकडे हेच बघा ना. कापूस पिंजणाऱ्यांना खानदेशात पिंजारी म्हणतात, कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडे नदाफ, आणि मन्सूरीही त्याच धंद्यातले. धंदा एक, आडनावं वेगळी, आणि आडनाव ऐकून जाणकार माणूस साधारण मुलूख ओळखतो. इंग्लंडमध्ये वॉकर, फुलर, टकर यांचं तसंच आहे. मेफ्लॉवर जहाजातून १६२० मध्ये अमेरिकेला गेलेल्यांत सॅम्युअल आणि एडवर्ड हे फुलर बंधू होते. ते पूर्वेकडच्या नॉरफोकचे, म्हणजे नकाशाप्रमाणे अगदी बरोबर. डेव्हनमधल्या एक्सेटर शहरात विणकर आणि कापडवाल्यांच्या संघाची पंधराव्या शतकातली इमारत अजून उभी आहे, तिचं नाव टकर्स हॉल. लंडनमध्ये १५२८ साली दोन संघ एकत्र होऊन क्लॉथवर्कर्स कंपनी झाली, त्यातला एक फुलरांचा आणि दुसरा कापडाची लव कातरणाऱ्यांचा. वॉकर हा शब्द तिथे नाहीच.

शब्दांची ही सरमिसळ एका वाक्यात पकडलेली सापडते. चौदाव्या शतकाच्या शेवटी विक्लिफ या इंग्रज धर्मसुधारकाच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणलं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूची वस्त्रं इतकी शुभ्र झाली की तशी पृथ्वीवर कुणालाच करता येणार नाहीत, असं वर्णन आहे. मराठी बायबलमध्ये तिथे परीट आहे. विक्लिफ बायबलच्या पहिल्या आवृत्तीत तिथे ‘फुलर, अथवा कापडाचा वॉकर’ असं दुहेरी लिहिलंय. दक्षिणेतल्याला एक शब्द कळेल, उत्तरेतल्याला दुसरा, म्हणून दोन्ही ठेवले असावेत. त्या काळचा भाषांतरकार वाचकांच्या बोलींचा विचार करत होता, हे बघून मला बरं वाटतं.

आडनाव किती जुनं, हा तुमचा दुसरा प्रश्न. धंद्याचं नाव हजार वर्षं जुनं. पण बापाचं नाव मुलाला लागणं ही इंग्लंडमधल्या सामान्य माणसांत साधारण १२५० ते १४०० या काळात रुळलेली गोष्ट, उत्तरेत आणखी थोडी उशिरा. त्याआधी ‘जॉन द वॉकर’ म्हणजे खरोखर डोणीत उभा असलेला जॉन. त्याचा मुलगा बेकरीत गेला तर तो बेकर. मग डोकेपट्टी, म्हणजे माणशी कर, आली, जमिनीचे कागद आले, आणि नाव गोठलं. १३७९ च्या डोकेपट्टीच्या याद्या पश्चिम यॉर्कशरसाठी चांगल्या टिकल्या आहेत, नावापुढे काही ठिकाणी धंदाही लिहिलेला. त्या चाळताना ज्याचं आडनाव एक आणि धंदा भलताच अशी माणसं दिसायला लागतात. आडनाव धंद्यापासून सुटतंय, ते तिथे डोळ्यांदेखत दिसतं.

यात एक गंमत आहे. आडनावं गोठण्याच्या आधीच वॉकरांचे पाय डोणीतून बाहेर यायला लागले होते. पाणचक्कीवर चालणारे जड लाकडी हातोडे कापड धोपटू लागले. इंग्लंडमध्ये अशा गिरण्यांच्या सुरुवातीच्या नोंदी ११८५ सालच्या आहेत, टेंपलर धर्मयोद्ध्यांच्या मालमत्तेच्या यादीत. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत त्या पसरल्या. इतिहासकार एलिनोरा कॅरस-विल्सन यांनी १९४१ मध्ये याला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटलं. त्यावर वाद झाले, पण गिरण्या वाहत्या ओढ्यांकडे, डोंगराळ भागाकडे गेल्या यात शंका नाही. वेल्समध्ये अशा गिरणीला ‘पांडी’ म्हणतात. खाणकामगारांच्या १९१० च्या दंगलीमुळे प्रसिद्ध झालेल्या टोनीपांडी गावाच्या नावात तीच बसली आहे. थोडक्यात, तुमच्या व्याह्यांच्या ज्या पूर्वजाला वॉकर हे नाव कायमचं चिकटलं, त्यानं बहुधा गिरणीच सांभाळली असेल, पाय कोरडे ठेवून.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर मात्र विसाव्या शतकापर्यंत हे काम हातानं चालत राहिलं. बायका लांब फळीभोवती बसून ओलं लोकरी कापड तालात आपटायच्या, पुढे सरकवायच्या, आणि सगळं गाण्याच्या ठेक्यावर. आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवतील. तिथे शिळं मूत्रही वापरत होतेच. त्या भागात या कारागिराला गेलिक भाषेत ‘फूकादर’ म्हणत आणि त्याच्या मुलाला ‘मॅक अन उकादर’. पुढे अशा काही घराण्यांनी आपलं आडनाव सरळ वॉकर करून टाकलं. म्हणजे तिथे वॉकर हे भाषांतर आहे.

लोकप्रियतेचं सांगायचं तर वॉकर इंग्लंड-वेल्समधल्या पहिल्या वीस आडनावांत असतं. अमेरिकेत २०१० च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास वॉकर होते, क्रमांक तिसाच्या आगेमागे. फुलर आणि टकर मिळूनही तेवढे होत नाहीत. याचं एक कारण लोकर. मध्ययुगात इंग्लंड लोकरीवर जगत होतं, आधी कच्ची लोकर विकून, मग कापड विकून. आणि उत्तरेतल्या ओढ्याओढ्यावर गिरण्या होत्या.

दुसरं कारण जरा सूक्ष्म आहे. धंद्यावरून नाव पडायला तो धंदा गावात एखाद-दुसऱ्याचाच असावा लागतो. गावात सगळेच शेतकरी असतील तर ‘शेतकरी जॉन’ म्हणून कोण ओळखू येणार? म्हणून शेतीवर जगणाऱ्या त्या देशात फार्मर आडनाव त्या मानानं थोडं, आणि जे आहे तेही मुळात शेतकऱ्याचं नाही. ठरावीक रक्कम भरून महसूल वसुलीचा मक्ता घेणाऱ्याला फार्मर म्हणत, इजारदार म्हणा. लोहार एक, चक्कीवाला एक, वॉकर एक. म्हणून स्मिथ, मिलर, वॉकर गावोगाव झाले. यावरून हेही लक्षात घ्या की दोन वॉकर एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही. हे आडनाव शेकडो गावांत वेगवेगळं उगवलंय.

शिवाय न्यूकासल शहरात वॉकर नावाची एक वस्तीच आहे. तिचा कापडाशी संबंध नाही, रोमन भिंतीजवळची दलदल असा त्या गावाचा अर्थ. काही वॉकर तिथूनही निघाले असतील.

अमेरिकेतल्या वॉकरांपैकी सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय आहेत. त्यांच्या बाबतीत आडनावावरून यॉर्कशरला पोचता येत नाही. गुलामगिरीतून सुटलेल्यांपैकी कुणी मालकाचं आडनाव ठेवलं, कुणी दुसरंच निवडलं. बहुतेकांची नावानिशी नोंद १८७० च्या जनगणनेत पहिल्यांदा झाली. केसांच्या औषधांचा मोठा व्यवसाय उभारलेल्या मॅडम सी. जे. वॉकर या जन्मानं सेरा ब्रीडलव्ह. वॉकर हे नाव १९०६ मध्ये चार्ल्स जोसेफ वॉकरशी लग्न झाल्यावर आलं आणि तेच बाटलीवर छापलं गेलं.

बाटलीवरून आठवलं. तुमच्या घरातल्या पुरुषमंडळींच्या डोक्यात वॉकर म्हणजे ढांगा टाकत जाणारा टोपीवाला साहेबच असणार. जॉन वॉकरनं १८२० मध्ये स्कॉटलंडच्या किलमार्नॉक गावात किराणा दुकान सुरू केलं, त्यातून ‘जॉनी वॉकर’ ही व्हिस्की निघाली. चालणारा माणूस टॉम ब्राउन या व्यंगचित्रकारानं १९०८ मध्ये काढला. जाहिरात म्हणून उत्तम, व्युत्पत्ती म्हणून चूक. त्या लेबलवर खरं तर डोणीत गुडघ्यापर्यंत पाय बुडवून उभा असलेला माणूस हवा, पण मग बाटली कोण घेणार? त्या व्हिस्कीवरून गुरुदत्तनं बद्रुद्दीन काझी या मुंबईतल्या बस कंडक्टरला पडद्यावरचं नाव दिलं, जॉनी वॉकर. तो मूळचा इंदूरचा, गिरणी कामगाराचा मुलगा. कापडवाल्यांचं आडनाव फिरत फिरत गिरणीवाल्याच्या घरी आलं, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्या इतिहासातही एक वॉकर भेटतो. बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी १८०२ पासून रेसिडेंट असलेला अलेक्झांडर वॉकर, स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातला. आनंदराव गायकवाडांच्या काळातल्या कारभारात त्याचा हात होता, आणि काठेवाडच्या संस्थानिकांची खंडणी ठरवणारा १८०७ चा बंदोबस्त त्याच्याच नावानं ओळखला जातो. फाइफचा माणूस, म्हणजे उत्तरेचाच. नकाशा इथेही जुळतो.

आता ती पाटी. इंग्लंडमध्ये मानचिन्ह व्यक्तीला दिलं जातं आणि तिच्या वंशात चालतं, आडनावाला कधीच दिलं जात नाही. आडनाव सांगितलं की मानचिन्ह छापून देणारे दुकानदार कुठल्यातरी एका वॉकरचं चिन्ह उचलून सगळ्यांना विकतात. माझ्याकडे एक गृहस्थ अशी पाटी बॅगेत घेऊनच आले होते, खडकीला पुरलेल्या खापरपणजोबांच्या थडग्यावर ती बसवायची होती. नोंदवही उघडली तर खापरपणजोबा सार्जंट, बाप हडर्सफील्डच्या बाजूचा विणकर. पाटीवर शिरस्त्राण, मुकुट, लॅटिन ब्रीदवाक्य. गृहस्थांनी पाटी परत बॅगेत ठेवली आणि त्या ‘विणकर’ शब्दाचा फोटो मात्र चार वेळा काढला.

भेट द्यायचीच तर त्यांच्या घराण्याचा थोडा शोध घेऊन द्या. शोध आडनावापासून सुरू करू नका, माणसापासून करा. विहीणबाईंना त्यांच्या सासऱ्यांचं जन्मगाव आणि साल विचारा. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. घरातल्या सगळ्यांची नावं असलेली जनगणना १८४१ पासून दर दहा वर्षांनी बघायला मिळते, आणि १८५१ पासून जन्मगावही असतं. त्यामागे चर्चच्या नोंदवह्या, नशीब चांगलं असेल तर १५३८ पर्यंत. एक-एक पिढी मागे जा, उडी मारू नका. वॉकरसारख्या आडनावात एकाच गावात एकाच वर्षी दोन जॉन वॉकर जन्मलेले असतात. चुकीचा जॉन धरला की पुढचं सगळं दुसऱ्याच घराण्याचं.

लग्नाला जाल तेव्हा यॉर्कशरमधल्याच हॅलिफॅक्सचा पीस हॉल बघून या. १७७९ मध्ये उघडलेली ही कापडाची बाजारपेठ: मधे प्रचंड चौक, भोवती तीनशेहून जास्त खोल्या, आणि आसपासच्या डोंगरातले विणकर तिथे एकेक ठाण विकायला आणायचे. व्याह्यांनाच घेऊन जा, त्यांनीही नीट बघितलेला नसण्याची शक्यता आहे.

पत्रिकेत ‘वॉकर’ असंच छापा. मधला ल इंग्रजीत लिहितात, बोलत नाहीत. छापखान्यातला हुशार मुलगा स्पेलिंग बघून ‘वालकर’ करेल, तेवढं प्रूफ स्वतः तपासा. नाहीतर सगळी भावकी मुलगी कोकणातली समजून गाव कुठलं म्हणून विचारत बसेल.